आबा रेडिओवर खरं बोलले

आमच्या आबांना मुंबई रेडिओवर बोलायला बोलावणं आलं, तेव्हा मी पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीहून माहेरी आले होते. सत्तेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. माहेर कृष्णाकाठी, उंब्रजच्या पलीकडे. घरटी एक माणूस पलटणीत, नाहीतर पलटणीतून पेन्शनीत. आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार होते. मलायात जपान्यांच्या कैदेत राहून वर्षभरापूर्वी परत आले होते, ते अर्धे होऊन. खेड्यांसाठीच्या कार्यक्रमात जुन्या शिपायांनी आपले अनुभव सांगायचे, असं ते बोलावणं होतं.

आबांना त्याचा आनंद झालेला काही दिसला नाही. गावाला मात्र उकळ्या फुटत होत्या. भावकीतले थोरले चुलते, आमचे तात्या, स्वतः फेटा घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यो बांधून जा. गावाची शान हाय." रेडिओतून फेटा दिसत नाही हे तात्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. आबा फेटा बांधून गेले. मसूर स्टेशनापर्यंत त्यांना पोचवायला घुंगरांच्या बैलांची गाडी जोडली होती.

पुढचं समजायला आमच्या भावकीची एक रीत सांगायला हवी. घरातला पुरुष लढाईत पडला तर त्याचा चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला टाक करून देव्हाऱ्यात देवांच्या ओळीला ठेवायचा. त्याला वीर म्हणायचं. धुळवडीला सगळ्या घरांतले वीर ताटात घेऊन, हलगी वाजवत कृष्णेवर न्यायचे आणि अंघोळ घालून परत आणायचे. तापानं किंवा सापानं गेलेला माणूस कितीही लाडका असो, त्याची जागा खालच्या पायरीवर, पितरांत. त्याला नदी नाही, हलगी नाही.

शेजारच्या काकीच्या देव्हाऱ्यात तिच्या एकुलत्या एका मुलाचा टाक होता. काकी म्हणजे आबांच्या चुलतभावाची बायको, तरुणपणीच विधवा झालेली. मुलगा आबांच्याच पलटणीत होता. आबा परत आले त्या दिवशी पायातले बूटही न काढता तिच्या दारात गेले आणि सांगितलं, लढताना छातीत गोळी लागली, जागीच गेला. काकीनं आठ दिवस तोंडात घास घेतला नाही. मग उठून कऱ्हाडच्या सोनाराकडून टाक घडवून आणला. टाकावर घोडा आणि तलवार. माझा तो भाऊ जन्मात घोड्यावर बसला नव्हता, आमच्या शेळीलासुद्धा भ्यायचा. पण वीराचा टाक तसाच असतो.

चावडीत सरकारनं दिलेला बॅटरीवरचा रेडिओ होता. त्या संध्याकाळी पुरुष चावडीत दाटीवाटीनं बसले होते आणि आम्ही बायका समोर मारुतीच्या देवळात. कुणीतरी रेडिओला हारही घातला होता. काकी माझ्या शेजारी बसली होती. माझी पाठ दुखत होती म्हणून तिनं मला खांबाला टेकून बसवलं होतं.

आबांचा आवाज आला तेव्हा बायका हसल्याच. सुरुवातीला ते कागदावरचं वाचत होते. मुलखाची कीर्ती, मर्दुमकी, असले शब्द आबांच्या तोंडात बसत नव्हते. मग कागद चुरगळल्यासारखा आवाज झाला आणि ते थांबले. पुढे बोलले ते आमच्या ओसरीवर बोलावं तसं.

"लिव्हलेलं सपलं. आता माझं सांगतो. माझ्या गावचा एक पोरगा माझ्यासंगं कैदेत हुता. त्येला गोळी लागली न्हाई. हगवण लागली हुती. लढाई कुठं जवळसुदिक नव्हती. आईला मी गोळी म्हणून सांगितलं, कारण तसंच सांगायची रीत पडलीया. पलटणीत जरूर जावा पोरांनो, मी न्हाई म्हणत न्हाई. पर असंबी मराण येतं, ह्ये आधी ठावं असू द्या. आनि धाडणाऱ्यांनाबी ठावं असू..."

इथे बोलणं तुटलं आणि सनई लागली.

नाव काही आबांनी घेतलं नव्हतं. पण आमच्या गावचा त्यांच्याबरोबर कैदेत पडलेला पोरगा एकच होता. देवळात कुणी कुणाकडे बघेना. काकी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाकऱ्या थापायच्या हायती." मी तिच्या मागे जायला उठले तर तिनं हातानंच बस म्हणून सांगितलं.

आबा परत आले तेव्हा स्टेशनावर गाडी गेली नव्हती. तेवढी वाट चालून ते घरी आले, फेटा काखेत. मी त्यांच्यावर तुटूनच पडले. म्हटलं, एवढं खरंच बोलायचं होतं तर काकीचं दार चार हातांवर होतं, त्यासाठी मुंबईला कशाला गेलात? आबांनी फेटा खुंटीला अडकवला.

मग म्हणाले, "त्या खोलीत कोन नव्हतं गं. समोर नुसता एक डबा. काचेपलीकडं एक मानूस, त्योबी माझ्याकडं बघत नव्हता. वर्सभर जे तोंडातनं निघत नव्हतं ते निघालं. गाव ऐकतंय, ह्येच इसरलो."

मला आजही वाटतं की आमच्यासारख्या माणसांच्याच हातून अशी चूक होते. ज्यानं सगळं आयुष्य चारचौघांच्या तोंडाकडे बघून बोलण्यात काढलं, त्याला समोर तोंडच दिसलं नाही की आपण एकटे आहोत असं वाटतं.

मग जे सुरू झालं ते शिमग्यापर्यंत थांबलं नाही. आमच्या दाराला शेण फासलं. न्हावी येईनासा झाला. औंधपासून इकडच्या गावांतले पेन्शनर सातारला जमले आणि त्यांनी आबांना बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. ज्यांची मुलं परत आली नव्हती असे म्हातारे त्यांत होते, आणि त्यांच्या रागाला काय उत्तर देणार? त्यांना भीती होती की उद्या आपल्याही टाकाकडे कुणी बोट दाखवेल. सांगलीच्या एका पत्रात शिपायांच्या अपमानाबद्दल छापून आलं. माझ्या सासऱ्यांनी निरोप धाडला, बाळंतपणानंतरही प्रकरण निवेपर्यंत तिकडेच राहा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोटात पोर, जाणार कुठे? रेडिओकडूनही कागद आला. पुढच्या कार्यक्रमात दिलगिरी व्यक्त करावी, कशी करावी त्याची दोन वाक्यं सोबत जोडली आहेत, मान्य असल्यास खाली सही करून पाठवावी.

गावच्या शाळेतले गुरुजी आबांची समजूत काढायला आले. बेचाळीस साली बाजारात भाषण केलं म्हणून ते येरवड्याला जाऊन आले होते. आम्हा पोरींना त्यांचा केवढा अभिमान! ते म्हणाले, "सुभेदार, आता स्वातंत्र्य दारात आलंय. पण बोलायचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या जखमेत बोट घालायचा हक्क नव्हे."

आबांनी विचारलं, "गुरुजी, तुमाला सरकारनं आत का घातलं हुतं?"

"खरं बोललो म्हणून."

मला तेव्हा गुरुजींचा भयंकर राग आला. आता माझं वय त्यांच्याहून वाढलं, आता वाटतं की ते सगळंच काही चुकीचं बोलत नव्हते. बोलायचा हक्क आबांचा होता, त्यात मला शंका नाही. पण मुलगा काकीचा होता, आणि तिला विचारायला कुणीच गेलं नव्हतं. गुरुजीही नाही, मीही नाही. तिचं दार त्या दिवसांत आतून लावलेलं असे.

होळीच्या सकाळी मारुतीच्या देवळात भावकी बसली. आई आणि मी भिंतीआड उभ्या होतो. तात्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"रेडिओवर बोललास, रेडिओवरच माघारी घे. खोटं बोललो म्हण. न्हाईतर उद्या तिचा टाक वीरांत येनार न्हाई. हगवणीनं मेलेलं पोर आमी हलगीवर कसं न्यायचं रं? आमच्या वीरांनी काय म्हणावं?"

मला वाटलं आबा आता उसळतील. आबा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "घेतो माघारी. तिच्या देव्हाऱ्यातनं पोरगं खाली उतरवायचं पाप माज्या डोस्क्यावर नको."

घरी येऊन त्यांनी तो रेडिओचा कागद काढला, दौत मागितली आणि सोप्यात बसले. मला रडूच आलं. ते हरले म्हणून की काकीचा टाक वाचला म्हणून, ते मला तेव्हा उमगलं नाही.

तेवढ्यात काकी आली. देवळातला निकाल तिच्या कानावर गेला असणार. उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत प्रथमच ती आबांसमोर आली होती.

"आवं भावजी, सई केलीसा?"

"करतोय, वैनी."

"थांबा. आधी मला सांगा. त्यो गेला तवा तुमी कुठं हुतासा?"

"त्याच्यापाशीच हुतो."

"पाशी म्हंजी?"

"डोस्कं माज्या मांडीवर हुतं."

काकी त्यांच्यासमोर खाली बसली. आईनं तिला धरलं. मग ती बोलली. "गोळी म्हनालासा तवा मी इचारलं हुतं, जवळ कोन हुतं? तुमी म्हनलासा, लढाईच्या धामधुमीत कोन कुनाजवळ असतंय. तवापासनं मी ह्येच बघतीया. उताना पडलाय, तोंडावर माश्या, आन् कुनी न्हाई. डोळा मिटला की त्येच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आपला मानूस हुता की वो जवळ. ह्ये का न्हाई सांगितलं?"

आईनं आबांना पाणी दिलं.

"काय मागितलं का त्येनं?"

"आंबील मागितली. तुमच्या हातची. तिथं कुठली आंबील, वैनी? पसाभर तांदळाची पेज केली, नारळाच्या करवंटीत घिऊन त्येला म्हनलं, घे, आईनं धाडलीया. प्याला."

"प्याला?"

"प्याला. आन् म्हनला, आई मीठ घालायची इसरली."

काकी हसली. तशी हसलेली मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, पुढेही नाही. हसता हसता ती आमच्या सोप्यात आडवी झाली आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उठून बसली, डोळे कोरडे केले आणि आबांच्या पुढ्यातला कागद उलटा घातला.

"सई करू नगासा. त्या रेडिओत एकदा तरी माज्या पोराचं खरं निघालं, त्ये तसंच ऱ्हाऊ द्या. टाक मी उतरवते."

आबांनी सही केली नाही. त्यांना पुन्हा कधी रेडिओवर बोलावणं आलं नाही. तात्या त्यांच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत.

धुळवडीला हलगी वाजत आली. भावकीतल्या एकेका घरासमोर थांबून ताटं घेत गेली. काकीच्या दारावरून तेवढी न थांबता गेली. ती दारात उभी होती, शेजारी मी, अवघडलेली. वाजप नदीच्या उताराला लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग आत गेली, आपल्या हातानं मुलाचा टाक वरच्या ओळीतून काढला आणि खालच्या पायरीवर पितरांत ठेवला. चुलीवर आंबील रटरटत होती. तिनं ती नैवेद्याच्या वाटीत ओतली.

नैवेद्य दाखवण्याआधी तो चाखायचा नसतो. आमच्यात लहान पोरालासुद्धा हे कळतं. काकीनं बोट बुडवून चाखलं, आणि आणखी चिमूटभर मीठ घातलं.