दाजींनी मागे घेतलेला आकडा

आमच्या दाजींएवढा खरा माणूस शिरूर-दौंडच्या पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही, आणि देवाशपथ सांगतो, सापडूही नये. एवढा खरेपणा एका घराला पुरून उरतो. थोरल्या बहिणीचा नवरा, वरवंडच्या बागायतदाराचा मुलगा. पुण्याच्या प्रयोगशाळेत काम काय, तर भट्टीतून निघालेले अणू धातूच्या दोन पट्ट्यांमधून सोडायचे, पट्ट्यांना वीज लावायची आणि अणूंच्या प्रकाशाचा रंग नावापुरता सरकतो तो किती, हे मोजायचं. वीज सुलटी लावून एकदा, उलटी लावून एकदा. ही खोड बाजारातही सुटायची नाही. दौंडला टोमॅटोवालीला त्यांनी पारडी बदलून पुन्हा तोलायला लावलं. "उलटं करून बघितल्याबिगर चूक घावत न्हाई, मावशी." मावशी म्हणाली, "चूक माझीच झाली, तुमाला हाक मारली!"

नऊ वर्षांनी त्यांचा आकडा छापून आला. त्याच्या जोरावर नोकरी कायम होणार होती; ताईनं पुण्यात फ्लॅटसुद्धा बघून ठेवला. आणि कायम व्हायच्या महिनाभर आधी या गृहस्थांना घाम फुटला. पट्ट्यांमधलं अंतर त्यांनी थंड असताना मोजलं होतं, प्रयोग मात्र भट्टीच्या धगीत झाला. तापून अंतर बदललं असणार, अंतराबरोबर विजेचा जोरही, म्हणजे आकडा चुकला. यंत्र तर कधीच खोललेलं, पुन्हा मोजायची सोय नाही.

मी भडकलो. "गप बसा की दाजी! कुणाच्या बापाला कळतंय?"

"न्हाई कळलं तरी चुकलेलाच राहतोय न्हवं," एवढंच बोलले आणि आकडा मागे घेतला. नोकरी गेली. ताई दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही, आणि मला तिचंच बरोबर वाटत होतं.

आता कारेगावला एका खोलीत राहतात, कारखान्यात दिवसभर बोल्ट मोजतात. केस पार पांढरे झालेत. बघवत नाही.

परवा गेलो, तर मोबाईल धरून एकटेच हसत होते. परदेशात कुणीतरी तेच अणू नव्यानं मोजले होते. धगीचा अंदाज धरून दाजींनी वहीत दुरुस्त केलेला, कुठंच न छापलेला आकडा या नव्या आकड्याशी जुळत होता. दाजींचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

"मग आता परत घेत्यात का तुम्हाला?" ताईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"न्हाई."

"मग हसताय कशाला?"

"बरोबर आला म्हणून."

ताईनं गॅस बंद केला, पिठाच्या हातानंच त्यांच्याजवळ येऊन बसली. "कुठला आकडा? वाचून दावा बरं मला."

एवढ्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. दाजी सदऱ्याच्या टोकानं चष्माच पुसत बसले. शेवटी मीच वाचला.