खिडकीत टांगलेली कडी

ये गं नीता, अशी जवळ बस. तू म्हणशील, आत्या, मी ट्रॉम्ब्याला, तू कांदिवलीला, जवळ कशी बसू? तेच तर म्हणतेय मी. तुझ्या वडिलांचं, आमच्या दिगूचं, दिवसकार्य आटोपून गेलीस ती गेलीसच. फोन केला की "आत्या, मीटिंगमध्ये आहे," आणि ठेवता ठेवता "ती होडी भंगारात देऊन टाक ना" एवढं मात्र विसरत नाहीस. रविवारची पुरवणी तू चहाबरोबर अक्षर न अक्षर वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहायला बसले. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. दिगूचं कुणापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच.

दिगू, माझा धाकटा भाऊ, गेला तेव्हा मी कुकर लावत होते. वॉचमन धापा टाकत वर आला. "माई, दादा नाव के पास बैठे हैं, उठ नहीं रहे." खाली गेले तर हा होडीला पाठ टेकून बसलेला, हातात पॉलिश पेपर, मांडीवर पांढरी भुकटी सांडलेली. दमून डोळा लागला असेल असंच वाटलं मला. "ऊठ रे, ऊन आलं अंगावर," म्हटलंसुद्धा... डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. आता त्यात शिरायचं मला त्राण नाही.

होडी कुठून आली ते तुला अर्धवटच माहीत आहे. मार्व्याच्या किनाऱ्यावर पाण्यातल्या खेळांचं एक ठिकाण बंद पडलं. मालक म्हणाला, उचलून न्या, तुमची. दिगू म्हणजे विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर फिटर असलेला माणूस, निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, तुझी आई गेल्यापासून घर खायला उठत होतं. टेम्पोत घालून सोसायटीच्या आवारात घेऊन आला. दोन लांब पोकळ पडाव, अरुंद जोडहोड्याच म्हण, मध्ये जाळं, आणि एक पोतंभर लोखंड-पितळ. सोसायटीतली पोरं म्हणाली कॅटामरान. मी म्हटलं, उलांडीच मोठी होऊन बसलीय. आमच्या देवगडकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकूड बांधतात, ती उलांडी. दिगू खूप हसला होता तेव्हा.

खरी कसोटी त्या पोत्याची होती. एकही वस्तू ओळखीची नाही. आमच्या बाबांच्या देवगडच्या होडीत काय होतं? डोलकाठी, शीड, सुकाणू, दोर, संपलं. इथे हे भोकं भोकं असलेले पत्रे, दात असलेले चिमटे, चाकांच्या जोड्या. फोनवर फोटो काढून शोधलं तर फोन म्हणाला, जिमचं सामान. मग दिगूने आपली पद्धत काढली. प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधून माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रिलला टांगायची. येता-जाता बघायची, हातात घेऊन फिरवायची. "कुठे घासलीय ते बघ ताई. घासल्या जागेवरून तिचं घर कळतं." कारखान्यातला डोळा तो. ओळख पटली की दोरा सोडायचा आणि मला हाक, "ताई, आज एकीचं बारसं!" बारसं म्हणजे शिरा आलाच. भोकांच्या पत्र्याने आम्हाला आठवडाभर छळलं. दिगूला त्याच्या वरच्याच भोकांत तारेचे वळ दिसले. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा त्यात अडकतात, हव्या तेवढ्या घट्ट करायला वेगवेगळी भोकं. त्या दिवशी शिऱ्यात केळं घातलं होतं. साखर वाढली ती अशी, डॉक्टरांना सांगू नकोस.

शेवटी ग्रिलवर एकच राहिली. बारीक तारेच्या टोकाला हाताची मूठ, आणि मुठीखाली जाड कडी. सामान वर चढवायची म्हणावी तर तार फार बारीक. अँकरची म्हणावी तर मूठ कशाला? मुठीचं रबर बोटांच्या जागी झिजलेलं आणि कडी आतून, खालच्या अंगाला, घासून चकचकीत. "हिला काहीतरी जड लटकत होतं ताई, पण काय?" चार पावसाळे जास्त पाहिलेल्या म्हातारीसारखी ती खिडकीत वाऱ्याने ग्रिलवर आपटत राहायची, टिण् टिण्. मी वैतागायचे. तो नाही.

आणि मग तुझ्या मावशी राहायला आल्या. माळ्यावरची गादी काढायला दिगू शिडीवर चढला. ती गादी मी एका रुंद पट्ट्याने करकचून बांधली होती. पट्टा त्याच पोत्यातला. कुणाचा तरी कमरेचा राहून गेला असेल, होडीचा कसा असणार, असं दोघांनीही ठरवून टाकलं होतं आणि पट्टा गादीच्या कामाला लागला होता. त्या पट्ट्याला पुढे एक मोठा हूक. दिगू शिडीवर तसाच थांबला. उतरला, पट्टा कमरेला लावला, खिडकीपाशी गेला आणि कडी हुकात घातली. बसली, जशी ब्लाऊजच्या हुकात दोऱ्याची कडी बसते.

खूश झाला की तो मालवणीत बोलायचा. "ताये, ह्या होडयेचा न्हय गो... ह्या माणसाचा."

मला तेव्हाच कळलं. बाबा नाही का, वारा जोरात भरला आणि होडी एका अंगाला उचलली की दिगूला उलांडीवर चढवायचे? पोराचं वजन बाहेर, होडी सरळ. तेच हे. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने डोलकाठीवरून आलेल्या ह्या कडीला लटकून पाण्यावर बाहेर झुकायचं. मी शिऱ्याचा रवा काढला. दिगू कमरेचा पट्टा न सोडता खुर्चीत बसला.

"मग दोन माणसं लागतात," म्हणाला. "नीताला विचारू?"

"विचार की. नाही कशाला म्हणेल?"

त्याने माझ्यासमोर तुला फोन लावला, आठवतंय? तुझं बीपी विचारलं, गॅस आला का विचारलं, जावयांची बदली विचारली. मग "ठेवतो बाळा, कामात असशील," म्हणून ठेवला. होडीचं विचारलंच नाहीस की, मी म्हटलं. म्हणाला, होडी पूर्ण होऊ दे, मग एकदम बोलावतो, अर्ध्या कामाला कशाला दगदग. घासायचं थोडंच राहिलं होतं गं. तेच करत होता.

आता सोसायटीचे सेक्रेटरी रोज विचारतात, काकी, गणपतीच्या मंडपाला जागा लागेल, होडीचं काय? भंगारवालाही दोनदा येऊन ताडपत्री उचलून बघून गेला. माझे गुडघे संपले, तिच्यावर झुकायला मी काय कामाची? मी दोघांनाही सांगितलंय, तिचं माणूस यायचं आहे.

गादी मी आता साडीच्या काठाने बांधलीय. पट्टा खिडकीशी खुंटीला आहे आणि कडी अजून ग्रिललाच, कारण त्या दिवशी दिगूने तिचा दोरा सोडलाच नाही. चहा उकळताना ऐकू येते, टिण् टिण्... तू होडी दे म्हणालीस तर देईन, माझी शपथ. पण फोनवर नको. मंडपाचे बांबू यायच्या आत ये. एकदा पट्टा लाव, कडी हुकात घाल, आणि मग सांग. रवा आणून ठेवलाय, लवकर ये बाई.