कोंबडा मी कापला

कोंबडा अंगावर येतो तेव्हा ओरडत नाही. मान खाली घालतो, एक पंख जमिनीला घासत अर्धं रिंगण घेतो, आणि काही कळायच्या आत दोन्ही पाय पुढे करून उडतो. मला हे कळलं तेव्हा त्याच्या पायामागचा काटा माझ्या पोटरीत घुसला होता आणि हातातली लाल माठाची जुडी चिखलात पडली होती.

मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते. रक्ताचं मला काही वाटत नाही. ओट्यावर पाय ठेवून जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवलं आणि पट्टी बांधली. हे दारात उभे राहून हसत होते.

"साहेबांना तुझी साडी आवडली नसेल," म्हणाले.

'साहेब' हे त्या कोंबड्याला ह्यांनी दिलेलं नाव. ऑफिसातल्या एका साहेबांची चाल अगदी अशीच होती म्हणे, छाती पुढे आणि मान मागे. रिटायर झाल्यावर आम्ही भाईंदरच्या जेसल पार्कमधला फ्लॅट मुलीला दिला आणि समुद्राकाठच्या चौक गावाला, कोळीवाड्याच्या थोडं वर, अंगण असलेलं बैठं घर भाड्यानं घेतलं. मला माती हवी होती. चौथ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये कुंड्या लावून लावून जीव विटला होता. ह्यांना काय हवं होतं ते ह्यांनाही माहीत नव्हतं. शेजारच्या मावशीनं दोन कोंबड्या दिल्या आणि ह्यांचं ठरलं.

पहिल्या खुडूक कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली होती. सात पिल्लं निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्यांना पाणी घालत असताना कावळे उतरले. कोंबडी एकावर धावली की दुसरा पिल्लू उचलायचा. कुंपणावर बसून, एका पायाखाली दाबून, जिवंतपणी फाडायचा. मी बादली फेकली, हे काठी घेऊन धावले, तोवर सहा गेली होती. सातवं ह्यांना केळीच्या बुंध्याशी सापडलं. त्याला ह्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. पुढचे दोन महिने ते ह्यांच्या खांद्यावर बसून पेपर वाचायचं. ते पिल्लू म्हणजे साहेब.

सुखाचे दिवस होते, खोटं कशाला बोलू. सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या पायात यायच्या. गरम अंडं हातात घेतलं की मला उगीचच हसू यायचं. वालाच्या वेलाला मांडव घातला, शेवग्याच्या शेंगा मावशीला दिल्या, तिनं सुके बोंबील दिले. दुपारी समुद्राकडून वारा आला की वाळत घातलेल्या मासळीचा वास घरभर व्हायचा. पहिल्या आठवड्यात मी खिडक्या लावून घेतल्या. नंतर लावायच्या विसरले.

आठव्या महिन्यात साहेबांचे काटे वाढले आणि स्वभाव बदलला. माझ्या पोटरीनंतर पार्सलवाल्याची पाळी आली. तो फाटक उघडून दोन पावलं आत आला होता. साहेबांनी त्याच्या गुडघ्यावर झेप घेतली. पँट फाटली, आतलं कातडंही. तो बिचारा पार्सल ढालीसारखं पुढे धरून मागे सरकत होता.

"आंटी, मुर्गा पकडो! ये पागल है!"

मी खराटा घेऊन मध्ये पडले. त्याची जखम धुऊन दिली. त्यानंतर तो पार्सल रस्त्यावरूनच आत फेकायचा.

मावशीकडून नंतर आणखी तीन कोंबड्या आणल्या होत्या. त्या पाचही जणींचे हाल तर बघवत नव्हते. त्यांच्या पाठीवर चढून चढून त्यानं पिसं उपटली होती, मांस दिसायला लागलं होतं. मी माझ्या जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या साड्या काढल्या आणि प्रत्येकीच्या पाठीला बसेल असं नाडीचं झबलं शिवलं. अंगणात पाच सिस्टर फिरतायत असं वाटायचं. त्यातली सर्वांत लहान, अजून अंडी न घालणारी तलंग, त्याला तोंड द्यायची. एका दुपारी तिनं त्याच्या आधी कणीत चोच घातली. त्यानं तिला भिंतीच्या कोपऱ्यात दाबलं आणि डोक्यावर चोची मारायला लागला. तलंग ओरडायची थांबली तरी तो थांबला नाही. मी खराट्यानं त्याला झोडपला. खराट्याच्या काड्या तुटल्या. तो बाजूला झाला तेव्हा तिच्या एका डोळ्याच्या जागी काहीच नव्हतं. संध्याकाळच्या आत ती गेली.

"याला देऊन टाकू या," मी म्हणाले.

"कोणाला?"

"कोणालाही."

"म्हणजे कापायलाच ना." ह्यांनी खड्डा खणायला घेतला. "तरुण आहे. निवळेल."

फाटकापाशी उभी असलेली मावशी ऐकत होती. सत्तरीची बाई, सगळा जन्म मासळी कापण्यात गेलेला. "बाय, हा न्हाय निवळायचा," ती मला म्हणाली. "याला रगताची चव लागली हाय."

पुढचं घडलं ते आठवड्याभरात. सकाळचे नऊ वाजले असतील. मी ओट्यावर अळूची पानं पुसत होते. हे कणीचा वाडगा ठेवायला वाकले. साहेब समोरून आले, नेहमीसारखे. ह्यांना त्याची भीती कधीच वाटली नव्हती. "या साहेब," असं ह्यांचं म्हणणं मी ऐकलं, आणि मग वाडगा पडल्याचा आवाज.

हे दोन्ही हातांनी तोंड धरून बसले होते. बोटांमधून रक्त येत होतं. थेंब नव्हे, धार. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाल्यापासून ह्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. मी हात बाजूला केले. काटा भुवईच्या खाली घुसून कानापर्यंत ओढला गेला होता. डोळा दिसत नव्हता, रक्ताचं डबकं दिसत होतं. मी पदराचा बोळा करून दाबला. तेवढ्यात कोंबडा पुन्हा आला. माझ्या पाठीवर. मी एका हातानं ह्यांचं डोकं धरून होते आणि तो माझ्या मानेवर काटे मारत होता. मावशी कुंपण ओलांडून आली आणि तिनं त्याला टोपलीखाली कोंडला.

रिक्षात पदर भिजला, मग मावशीनं दिलेला टॉवेल भिजला. रिक्षावाला एकदाही मागे न बघता भाईंदरपर्यंत हॉर्न वाजवत गेला. मी ह्यांना बोलतं ठेवत होते. हॉस्पिटलात किती जणांना असं बोलतं ठेवलं असेल.

"डोळा गेला का गं?"

"नाही."

"तुला दिसला?"

"नाही दिसला. पण नाही गेला."

डोळा वाचला. पापणी फाटली होती. डॉक्टरांनी बारा टाके घातले आणि विचारलं, "कशानं लागलं?" हे म्हणाले, "पडलो." टाके घालून होताच हे माझ्याकडे वळले. "साहेबांना काही करू नकोस."

ह्यांना घरी आणून झोपवलं आणि मी अंगणात गेले. टोपली उचलली. तो बाहेर आला, मान खाली घातली, आणि मी त्याला लाथ मारली. तो भिंतीवर आपटून खाली पडला. उठला. मी पुन्हा मारली. मग काठी घेतली. किती मारलं ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मला बरं वाटत होतं. हात गरम झाला होता, श्वास जोरात चालला होता, आणि त्या पक्ष्याचं प्रत्येक कोलमडणं मला हवंहवंसं वाटत होतं. छत्तीस वर्षं मी लोकांच्या शिव्या खात, चावे खात, थोबाडीत खात पट्ट्या बांधल्या. एकदाही हात उगारला नव्हता. तो सगळा राग कुठे साठला होता कोण जाणे.

मावशीनं माझं मनगट पकडलं. "बाय, थांब. असा छळू न्हको. मारायचाच तर कापून मार. पन आज न्हाय. तुझा राग उतरू दे."

राग उतरायला दोन दिवस लागले. कोंबडा लंगडत होता. ते बघून मला लाज वाटली. पण निर्णय बदलला नाही. ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याची जबाबदारी कोण घेणार होतं? तिसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मावशी घेऊन जाईल त्याला," हे म्हणाले. "तू नको."

"नाही. मीच करणार."

का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. मारताना मला मजा आली होती. मग मरणाच्या वेळी दुसऱ्याच्या हातात देऊन तोंड फिरवणं मला जमेना.

मावशीनं कोयता दिला आणि कसं धरायचं ते दाखवलं. पंख एका पायाखाली, पाय दुसऱ्याखाली, डाव्या हातात डोकं. मान ताणली की पिसांमध्ये एक फट दिसते. त्याचा डोळा माझ्याकडे होता. मी कोयता चालवला आणि अर्ध्यात माझा हात थांबला. तो घुसमटला, एक पंख सुटला, रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. "दाब!" मावशी ओरडली. मी दाबलं. हाडाचा आवाज झाला. डोकं हातात राहिलं आणि धड माझ्या पायाखालून निसटून अंगणभर उडत राहिलं, मिरच्यांवर, माठावर, कोंबड्यांच्या त्या पांढऱ्या झबल्यांवर रक्त शिंपडत. नळाजवळ येऊन पडलं. पाय बराच वेळ हलत होते.

वर बघितलं तर खिडकीत हे. एका डोळ्याला पट्टी, दुसरा उघडा.

मी आत गेले. ह्यांनी विचारलं, "दुखलं का त्याला?"

पेशंटच्या नातेवाइकांनी हा प्रश्न मला कितीदा विचारला होता, आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हणाले होते.

"हो," मी म्हणाले. "माझा हात थांबला. त्यामुळे जास्त दुखलं."

मी रस्सा केला. मांस चिवट होतं, दोन तास शिजलं. अर्धं मावशीकडे पाठवलं, अर्धं मी एकटी जेवले. ह्यांनी दहीभात खाल्ला आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कोंबड्यांना मात्र वेळेवर पाणी दिलं. पाचव्या दिवशी टाके काढायला निघालो तेव्हा रिक्षात ह्यांनी माझा हात धरला.

पुढच्या खेपेला पिल्लांवर जाळी घातली आणि सगळी वाढली. त्यात तीन नर निघाले. दोघे गरीब होते. तिसरा पाच महिन्यांचा होताच पंख जमिनीला घासायला लागला. ह्यांनी पाहिलं, मी पाहिलं.

रविवारी सकाळी मी वालाच्या शेंगा तोडत होते. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. हे नळापाशी उकिडवे बसून कोयत्याला धार लावत होते. भुवईखालचा व्रण उन्हात चमकत होता.

"मी धरतो," हे म्हणाले. "माझ्याकडे शांत राहील तो. तू एकाच वारात कर."

ह्यांनी त्याला छातीशी धरलं, मानेवरून हात फिरवत राहिले. कोंबड्यानं डोळे मिटले. मग ह्यांनी त्याला ओट्यावर टेकवलं, मान ताणली आणि तोंड न फिरवता म्हणाले, "आता."

माझा हात थांबला नाही. फडफड संपेपर्यंत ह्यांनी धड दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग उठले, केळीपाशी गेले आणि उलटी केली. मी कोयता धूत तिथेच थांबले. हे चूळ भरून, तोंड पुसून परत आले. शर्टाची पुढची बाजू लाल झाली होती.

"पिसं काढायला पाणी तापवू का?" ह्यांनी विचारलं.

"तापवा," मी म्हणाले. "मोठ्या पातेल्यात."