श्रीखंड-पुरी खाऊन खेळलेली शेफील्डची फायनल

“या वेळी शेफील्डला जायचं म्हणजे जायचंच,” समीरने ग्रुपवर टाकलं आणि मी लगेच हो म्हटलं. समीर नागपूरचा, आमचा स्ट्रायकर. त्याचा व्हिसा संपत आला होता, पुढच्याच आठवड्यात तो कायमचा परत चालला होता. इथल्या मराठी मंडळींची ही फुटबॉल स्पर्धा आम्ही दर वर्षी खेळतो आणि दर वर्षी झकास खेळून हरतो. एकदा तरी कप घेऊन त्याला घरी पाठवायचं, एवढंच ठरलं होतं.

मी मिडफिल्डला. बॉल जमिनीवर आणि छोटे छोटे पास, हा माझा धर्म. आमचे गोलकीपर शिरीषकाका, अर्धं आयुष्य इथे काढलेले, मला कायम म्हणतात, “तू फुटबॉल खेळतेस की रांगोळी काढतेस?”

शनिवारी पहाटे आमच्या स्टॅनमोरहून निघालो. तुम्हीही ग्रुपने जाणार असाल तर मिनीबसच घ्या. भाडं वाटून घेतलं की ट्रेनपेक्षा बरंच स्वस्त पडतं. एम-वन हायवे जवळच लागतो आणि मग जवळजवळ शेफील्डपर्यंत तोच. वाटेतल्या थांब्यांवरचा, म्हणजे सर्व्हिसेसवरचा, चहा महाग आणि पाणचट, तेव्हा थर्मास न्या. शेफील्ड मात्र बघताक्षणी आवडलं! टेकड्यांवर चढत गेलेली घरं, पलीकडे हिरवेगार डोंगर, आणि दुकानात काउंटरवरची अनोळखी बाई मला चक्क “लव्ह” म्हणाली.

सकाळच्या मॅचेस आम्ही देखण्या जिंकल्या. मग यजमानांनी हॉलमध्ये पंगत मांडली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. एक काकू पुऱ्यांचं ताट घेऊन माझ्यापुढे उभ्याच.

“अगं, एवढ्या लांबून आलीस, दोन तरी घे!”

नाही कोण म्हणणार? आणि ताटात टाकायचं नाही, हे तर अंगात भिनलेलं. यजमान टीम मात्र नुसती वाढत होती.

“तुम्ही नाही बसत?” मी त्यांच्या कॅप्टनला, ताराला विचारलं. ती इथेच जन्मलेली.

“पाहुणे फर्स्ट, ताई,” ती गोड हसली. “आम्ही मॅचनंतर खातो.”

फायनल त्यांच्याशीच होती.

शिट्टी वाजली आणि थोड्याच वेळात कळलं, आमचे पाय हलत नाहीयेत. पास देऊन पुढे पळावं तर श्रीखंड घशाशी येत होतं. तारा आणि तिची मंडळी मात्र इतकी सुरेख खेळत होती की चिडायचं सोडून मी बघतच राहिले. हाफटाइमला शून्य-शून्य होतं, ती निव्वळ काकांची कृपा.

“आता शोभा पुरे,” काका म्हणाले. “सगळे मागे बसा. बॉल मिळाला की लांब मारायचा. पुढे एकटा समीर.”

“अहो काका, असं जिंकण्यात काय मजा?”

“मजा तुझी गं. जातोय तो.”

मी मागे जाऊन उभी राहिले.

“ताई, तुमचा टीम फक्त डिफेंड करतो! सो बोरिंग!” तारा ओरडली. मला मनातून अगदी पटत होतं.

मॅच संपत आली तेव्हा आमच्याच गोलसमोर बॉल माझ्या पायाशी आला. डावीकडे एक सुंदर पास दिसत होता, अगदी मोकळा. पुढून समीर किंचाळला, “काऊन थांबली? मार न लांब!”

डोळे मिटून मारला. बॉल आभाळात गेला, त्यांच्या डिफेंडरच्या मागे टप्पा पडला, समीरच्या गुडघ्यावर आदळला आणि थेट जाळ्यात! इतका कुरूप गोल मी जन्मात पाहिलेला नाही, आणि इतकी बेभान नाचलेही नाही.

कप मांडीवर घेऊन समीर मैदानातच बसला आणि ढसाढसा रडला. मग यजमान जेवायला बसले, आणि या वेळी आम्ही वाढलं.

घरी येऊन चार दिवस झाले, पोटऱ्या अजून दुखतायत. शेफील्डला जरूर जा, फक्त मॅचआधी जेवू नका. कसं खेळलात, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर भिकार! आनंद तरीही उतरत नाहीये. माझं मत मात्र बदललेलं नाही. बघावा तर ताराच्या टीमचा खेळ. पुढच्या वर्षी मी पुन्हा छोटे पासच देणार आहे.

आज समीरला हीथ्रोला सोडून आले. ते पास घ्यायला पुढे तो नसेल.