काडाखालचे पाय

“पोरगी लई गप हाय. बरंय, लवकर उरकंल,” गोठ्याचा मालक बायकोला हळूच म्हणाला. मी तीन हातांच्या अंतरावर पॅड घेऊन उभी होते. ऐकूच आलं नाही असा चेहरा मला चांगला जमतो. शाळेपासूनचा सराव आहे.

फुलंब्रीच्या अलीकडचा तो गोठा. गायी कशा ठेवल्यात ते आम्ही दूध घेणाऱ्या कंपनीसाठी तपासतो: पाणी, जखमा, बसायची जागा, चाल. आदल्या दिवशी फोन करून जातो, त्यामुळे सगळीकडे धुतलेल्या गायी आणि उदबत्तीचा वास असतो. इथंही होता. माझे साहेब बाहेर खुर्चीवर चहा पीत बसले होते.

अकरा गायी ओल्या सिमेंटवर उभ्या होत्या. बारावीच्या पायाखाली मात्र घोट्यापर्यंत गव्हाचं काड. तिचा दोर आखूड बांधलेला. मागचा डावा पाय ती टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. खुरापाशी काडाला पिवळट ओल लागली होती आणि माशा फक्त तिथंच होत्या.

नियम साधा आहे. प्रत्येक गाय सोडून दहा पावलं चालवून बघायची. लंगडी निघाली तर गोठ्याचं नाव चांगल्या यादीतून जातं, पण आठवड्याच्या आत डॉक्टर येतो. ‘चालते’ लिहिलं तर पुढची फेरी सहा महिन्यांनी.

“झालं का गं?” साहेबांनी बाहेरून विचारलं. “लिहून टाक चालते म्हणून. उभी आहे ना?”

“उभीच हाय की, साहेब,” मालक हसला. “म्याडमला घाबरून उभी हाय, नायतर दिवसभर लोळती.”

साहेबही हसले.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गोठ्यात एका गायीपुढं मी असंच ‘चालते’ लिहून टाकलं होतं. गाय सोडा म्हणायला तोंड उघडलं नाही. फॉर्म इंग्रजीत असतो, खूण करायला कुणाशी बोलावं लागत नाही. ही नोकरी मला त्यासाठीच तर आवडली होती. सहा महिन्यांनी गेले, तेव्हा त्या जागी नुसता खुंटा होता. दोर त्याला नीट गुंडाळून ठेवलेला. ती पडून असायची तिथलं सिमेंट अजून काळपट दिसत होतं. मी तेव्हाही काही विचारलं नाही.

आता पेन ‘चालते’च्या चौकोनावर होतं. मालकाची बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती पायानं काड पुढं सारत होती, खूर झाकत. गायीनं पाय उचलला. या वेळी टेकवला नाही, तसाच हवेत धरून ठेवला. तो थरथरत होता.

“दादा,” मी म्हणाले, “दोर सोडा. मला ती चालताना बघायची आहे.”