बाई, तुम्ही बी हासनात?

"भिंतीपासून खिडकीपर्यंत चाल," गुरुजी म्हणाले. "आणि परत ये."

मी चालले. डावा पाय लहानपणी तापात गेलेला. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय तो वजन घेत नाही. हात दाबायचा, कंबर खाली जाते, मग उजवा पाय पुढे. मी अशीच चालते. आजही.

"बघ नीट," गुरुजी पाटलाच्या मुलाला म्हणाले. "कंबर कुठे पडते ते बघ."

पाटलाचा मुलगा माझ्या मागोमाग चालला. गुडघ्यावर हात, कंबर खाली. सगळी पोरं हसत सुटली. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ताल देत होते. एक-दोन, एक-दोन.

आणि मीही हसत होते. बाकी सगळं सोडा. त्या हसण्याची मला आज सर्वांत जास्त शिसारी येते.

मी सहावीत होते. नरडाण्याच्या पुढचं आमचं गाव. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला. आमची वस्ती गावाबाहेर. आम्हाला हिणवायला गावाकडे एक कारण पिढ्यान्पिढ्या होतंच. पण बाबासाहेबांच्या मागे जाऊन आम्ही बौद्ध झालो होतो, आणि जातीवरून तोंडावर बोलायला गाव थोडं कचरू लागलं होतं. पायावरून बोलायला कुणालाच कचरावं लागत नव्हतं. 'लंगडे' ही शिवी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. हजेरी घेतानाही गुरुजी कधीकधी तेच म्हणायचे. मी "हजर" म्हणायचे.

संमेलनाच्या नाटकाची तालीम आहे, शाळा सुटल्यावर थांब, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, मला काम मिळालं. घरी जाऊन सांगितलं, मी नाटकात आहे. मायने परकर धुतला, वस्तीभर सांगून आली. आणि काम कसलं, तर नाटकात एक लंगडी मावशी होती. ती पाटलाचा मुलगा करणार होता. मी फक्त चालून दाखवायचं.

चार दिवस चालले. चौथ्या दिवशी धीर करून विचारलं, "गुरुजी, माझं काम?"

"अगं, हेच तुझं काम," ते म्हणाले. तालमीला थांबलेली सगळी पोरं पुन्हा हसली.

घरी बोलले नाही. कशी बोलणार? मायने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

संमेलन दुपारी होतं, शाळेच्या पटांगणात. आबा कामावरून तसेच आले. आमची माणसं बसायची तिथे, पार मागे, आम्ही तिघं बसलो. मी स्टेजवर केव्हा जाणार, हेच माय सारखी विचारत होती, "तू कवय जाशी वर?"

पाटलाचा मुलगा आला. लुगडं, तोंडाला पावडर, गुडघ्यावर हात. दोनच पावलं टाकली आणि पटांगण उसळलं. आबाही हसले. तोंड उघडं टाकून, मांडीवर थाप मारून. आबा एरवी हसायचे नाहीत.

माय म्हणाली, "आवं, हाई ते आपली आंडेरनी चाल शे." आपल्या पोरीची चाल.

आबांचं हसणं लगेच थांबलं नाही. थोडं येतच राहिलं. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाले, "चाल घर."

पण उठलं असतं तर मला चालावं लागलं असतं. एवढ्या लोकांमधून. वर ती नक्कल चालू असताना. हे आबांच्या लक्षात आलं आणि ते परत खाली बसले. शेवटपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. आपल्याच पोरीचा तमाशा आईबापाने मान खाली घालून पुरा पाहिला.

आठवड्याने गुरुजी वर्गात आले. नाटक धुळ्याला न्यायचं ठरलं होतं. "ऊठ," ते मला म्हणाले. "वळताना त्याचं अजून कच्चं आहे. एकदा दाखव."

मी उठले नाही.

"ऐकू येत नाही?"

"नाही चालणार."

"काय म्हणालीस?"

"चालणार नाही, गुरुजी. त्याला त्याचे पाय आहेत. त्याचे चालू द्या."

दोन्ही हातांवर छड्या. मोजल्या नाहीत. बाक धरून बसले, उठले नाही. माझ्यासाठी कुणी तोंड उघडलं नाही. माझ्या बाकावरची मुलगी जराशी पलीकडे सरकली, छडी लागू नये म्हणून. नाटक धुळ्याला गेलंच. बक्षीसही आलं. पण त्या दिवसानंतर मी कुणाला चालून दाखवलं नाही. चालले, माझ्या कामासाठी.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे मी शिकले. ट्रेनिंग करून शिक्षिका झाले. पिंपळनेरच्या पलीकडे एका खेड्यात चौथीचा वर्ग मिळाला. दुष्काळाची वर्षं होती, मुलं सुकडीच्या, म्हणजे सरकारी दुष्काळी खाऊच्या, वाटपाला भांडी घेऊन यायची. मला वाटायचं, आपण भोगलंय, आपल्या वर्गात तसं होणारच नाही. फार मोठा विश्वास होता माझा स्वतःवर.

वर्गात उखा नावाचा मुलगा होता. अडखळत बोलायचा. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर अडकायचा, मान ताणायची, डोळे मिटायचे. एक दिवस मी फळ्यावर लिहीत होते. मागून आवाज आला, "बा-बा-बा-बाई, मा-मा-माझी पाटी." मी वळले. मॉनिटर उभा होता. मान ताणलेली, डोळे मिटलेले. हुबेहूब उखा.

मला हसू आलं.

खोटं सांगत नाही. दाबलं नाही, दाबायचं सुचलंही नाही. मी हसले, आणि बाई हसल्या म्हणून सगळा वर्ग मोकळा झाला. उखा मॉनिटरकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. त्याची आई दारात ज्वारी पाखडत होती. तिने बस म्हटलं नाही. माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही बी हासनात?"

सूप तिच्या हातात हलत राहिलं.

"घरमा तो चांगला बोलस. शाळामा जास तवय अडकस."

पाटलाच्या मुलाची, त्या गुरुजींची मला इतकी वर्षं किळस वाटत होती. आता माझं स्वतःचं तोंड मला विटाळल्यासारखं वाटलं. भोगलेला माणूस आपोआप चांगला होतो, हे साफ खोटं आहे. खुर्ची मिळाली की तोही हसतो.

सकाळी वर्गात मॉनिटरला मारलं नाही. मारण्याचा हक्कच नव्हता मला. टेबलाला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी उखाला हसले ती मी. चूक माझी." मग त्यांना ते पटांगण सांगितलं. आबा हसले ते सांगितलं. आम्ही का उठलो नाही ते सांगितलं.

मॉनिटर पुटपुटला, "बाई, गंमत होती ती."

"कोणाची गंमत?" मी विचारलं.

विचार करून सांग, म्हटलं. आजच पाहिजे असं नाही.

उखा आठव्या दिवशी आला. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली नाही. माफ केलं नाही त्याने, आणि का करावं? महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मुलांशी मात्र हळूहळू बोलू लागला. तो अडकला की शेजारचा मुलगा आधी शब्द पुरवायचा. उखा चिडायचा. मग पोरं आपोआप थांबायला शिकली.

वार्षिक तपासणीला साहेब यायचे होते. आदल्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "बाई, त्या पोराला मागे बसवा. वाचायला उठवू नका. शाळेची लाज जायची."

मी उखाला बाजूला घेऊन विचारलं, "उद्या वाचशील? नको असेल तर नको."

तो बराच वेळ अडला. मी थांबले. "वा-वाचसू," तो म्हणाला. मी वाचेन. महिन्याभरानंतरचा माझ्याशी त्याचा पहिला शब्द.

साहेबांसमोर तो पहिल्या बाकावरून उठला. पुस्तक धरलं. पहिल्या ओळीच्या तिसऱ्या शब्दावर अडकला. मान ताणली. डोळे मिटले. वर्गात एकही मूल हसलं नाही. मॉनिटरही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"बस, बस. पुढचा," साहेब म्हणाले.

उखा खाली बसू लागला.

"बसू नकोस," मी म्हणाले. "साहेब, त्याचं वाक्य संपलेलं नाही."

"बाई, मला अजून तीन शाळा बघायच्या आहेत."

"मग तुम्ही जा, साहेब. तो वाचतोय."

उखाने ते वाक्य पुरं केलं. माझ्या सेवापुस्तकात त्या दिवशी लाल शेरा पडला. पडू दे. माझ्या वर्गात कुणाचं वाक्य अर्ध्यावर तोडायचं नाही. साहेबाने नाही, हेडमास्तराने नाही, मी तर नाहीच. बदली करा, नोकरी घ्या. पोर बोलत असेल तोवर वर्ग थांबेल. ज्याला घाई आहे त्याने बाहेर जावं.