दाजींना वाचून दाखवलेलं पुस्तक

नारायणगुड्यातल्या एका वकिलाला मी कपाट करून दिलं होतं. त्याचं दार इतकं नेमकं बसलं की दागिने शोधायला आत शिरलेला चोर तीन दिवस आतच राहिला, आणि शेवटी त्यानंच आतून हाक मारून वकिलाला आपली केस सोपवली. ही गोष्ट मी बरकतपुऱ्यापासून नामपल्लीपर्यंत प्रत्येक लग्नात सांगितलेली आहे. दरवेळी चोराचा मुक्काम एखाद्या दिवसानं वाढतो. आता जी सांगतोय ती कुठल्याच लग्नात सांगितलेली नाही. हिच्यात मी एक सूतभरही वाढवलेलं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्ही सुतार लोक जन्मभर तेवढ्यातच भांडतो.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नांदेडकडून दहावी होऊन मी हैदराबादेत अक्काकडे आलो तेव्हा माझ्या हातात रंधा दिला तो दाजींनी. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, तेही मराठीत. तेलुगू फाडफाड बोलतात, दख्खनी तर अशी की चारमिनारचा माणूस वळून बघेल, पण वाचायचं म्हटलं की मराठीच, तीही बोट ठेवून. हात मात्र देवानं सवडीनं घडवलेला. त्यांनी जुळवलेल्या दोन फळ्यांमधून मुंगी जाईना म्हणून मुंग्यांनी त्या गल्लीतला रस्ता बदलला, असं मी सांगत असे. हे वाढवून आहे, पण फार नाही.

तीस-पस्तीस वर्षं लाकडाचा भुसा खाऊन दाजींची छाती भरली. अलीकडे तर सागवान राहिलं बाजूला, सगळा तो दाबलेल्या भुशाचा बोर्ड आणि त्याची पिठासारखी धूळ. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून लांब राहा. सुताराला धुळीपासून लांब राहा म्हणजे माशाला पाण्यापासून लांब राहा. पण तेवढ्यात एक दार उघडलं. नामपल्लीच्या बाजूला एका प्रशिक्षण केंद्रात फर्निचरच्या वर्गाला शिकवणारा माणूस हवा होता. तिथल्या मुख्य बाईंनी दाजींचं काम कुणाच्या तरी घरी पाहिलेलं. त्या म्हणाल्या, जागा तुमचीच, फक्त कॅबिनेट-मेकरचं सरकारी सर्टिफिकेट तेवढं आणा. सावलीतलं काम. करवत दुसऱ्यांनी चालवायची, दाजींनी नुसतं बोट दाखवायचं.

सर्टिफिकेटला परीक्षा होती. परीक्षेला पुस्तक होतं. आणि पुस्तक इंग्रजीत होतं.

अक्कानं मला बोलावून घेतलं. "तू शिकलेला हैस. ह्यांना वाचून दाखव. तू बी बस परीक्षेला, सोबत हुईल."

"अक्का, इंग्रजी म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ," मी म्हणालो. इथूनच सगळं सुरू झालं. माझं इंग्रजी म्हणजे दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं, तेही पाटीवर चित्र असेल तर.

दोन महिने रोज दुपारी, जेवण झाल्यावर, दाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा भरायची. दाजी आधी हात धुवून यायचे. मग पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवायचे. आमच्या घरांत पुस्तक म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. भिंतीवर जी तसबीर असते तिच्यातल्या माणसाच्या हातातसुद्धा पुस्तकच असतं. आपण वर आलो ते ह्याच्यामुळं, हे दाजींनी लहानपणी ऐकलं आणि मनावर कोरून घेतलं. छापलेलं खोटं असू शकतं, ही कल्पनाच त्यांना नव्हती. आणि छापलेलं वाचणारा मेव्हणा खोटा असू शकतो, ही तर त्याहून नव्हती.

सुरुवातीला माझं बरं चाललं. जे कळायचं ते सांगायचो, जे कळायचं नाही त्याला चित्र बघून अंदाज मारायचो. लाकूड वाळवायच्या भट्टीचं चित्र आलं. मी म्हणालो, "दाजी, हा लाकडाचा हमाम. आत जाऊन घाम गाळून येतं." ते खरंच निघालं. मला वाटलं, आपल्याला वरून काहीतरी मिळालेलं आहे. अक्का मला 'मास्तर' म्हणायला लागली. ताटात माशाचा मधला तुकडा माझ्याकडं यायला लागला, जो लग्न झाल्यापासून दाजींचा होता. मास्तर झालेला माणूस 'मला हे येत नाही' असं म्हणूच शकत नाही. तुम्ही म्हणून बघा, तोंडातला मासा कडू होतो.

मग एक दिवस चौकटीच्या दाराचं प्रकरण आलं. कपाटाचं दार दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे सरळ बोर्ड कापून. दुसरी जुनी तऱ्हा: चार पट्ट्यांची चौकट, तिला आतून खाच, आणि खाचेत बसवलेली मधली अखंड फळी, जिला आम्ही पॅनल म्हणतो. दोन पानं भरून बारीक अक्षर होतं, चित्र एकच. तिकडं चौकातल्या इराण्याकडं माझे मित्र थांबलेले. मी दोन्ही पानं एकदम उलटली.

"ह्येच्यात काय हाय?" दाजींनी विचारलं.

"विशेष काही नाही. पॅनल खाचेत बसवायचं, चारी बाजूंनी गोंद भरायचा, दाबून ठेवायचं."

दाजी माझ्याकडं बघत राहिले. "गोंद भरायचा? अन् पावसाळ्यात फुगल्यावर?"

मला लाकडाचं पहिलं जे काही शिकवलं होतं, ते त्यांनीच आणि नेमकं हेच. लाकूड कापलं तरी मरत नाही रे, ते पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्याला कुशीवर वळायला जागा ठेव. पॅनल खाचेत कोरडंच सोड. चिकटवलंस तर एक दिवस ते स्वतः तरी फाटेल, नाहीतर चौकट तरी फोडेल. हे मला पाठ होतं. पण मास्तरानं माघार कशी घ्यायची?

"दाजी, तो जुना जमाना. आता लाकूड बाहेरून लस टोचून येतं. फुगत नाही, आकसत नाही. जन्मभर एकाच अंगाचं राहतं."

"सागाला बी लस?"

"सागाला तर डबल डोस."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले असते तर मीही हसलो असतो, आणि विषय तिथंच संपला असता. पण त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि म्हणाले, "बुकात हाय म्हणल्यावर बरोबरच असंल. आपण काय, आडाणी." आणि मान डोलवत दोनदा पुटपुटले: चारी बाजूंनी, दाबून. मी चहाला गेलो.

परीक्षेच्या दिवशी एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. सगळ्यांना एकच काम: भिंतीवरच्या लहान कपाटाचं दार, चौकट आणि सागाचं पॅनल. मापं मिलिमीटरमध्ये. दाजींनी घरून एक पट्टी करून आणली होती, एका अंगाला सूत, दुसऱ्या अंगाला मिलिमीटर. ती पट्टी बघून परीक्षक, चष्मा घातलेला एक किडकिडीत तेलुगू माणूस, "वाह उस्ताद" म्हणून पुढं गेला. माझं टेबल दाजींच्या समोरच, तीन हातांवर.

दुपारपर्यंत दाजींची चौकट तयार झाली. सांधे असे की नखाला लागू नयेत. माझ्या चौकटीचा एक कोपरा उघडा राहिलेला, मी त्यात भुसा भरून वरून घासत बसलो होतो. माझ्या पॅनलला मी गोंद लावलाच नव्हता. ठरवून नाही. हातांनीच लावला नाही. त्यांना दाजींनी शिकवलं होतं, मी नाही.

मग दाजींनी गोंदाची बाटली उचलली.

खाचेवर धरली आणि माझ्याकडं बघितलं. वर्गात पहिल्यांदा फळ्यावर गेलेला विद्यार्थी मास्तराकडं बघतो तसं. बोलायला बंदी होती. खाकरायला नव्हती. मान हलवायला नव्हती. हातातला हातोडा खाली पाडायलासुद्धा नव्हती. आणि ह्या हैदराबाद शहरात सगळ्यात मोठ्या तोंडाचा जो माणूस, तो मी, तीन हातांवर उभा. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो: आता नको म्हटलं तर संध्याकाळी घरी विचारतील, मग तसं का सांगितलंस? आणि अक्का पोळी लाटता लाटता ऐकेल. एक पॅनलच तर आहे. बंद खाचेत कोण बघतंय?

मी मान खाली घातली. खाली घातलेली मान समोरून होकारासारखीच दिसते.

परीक्षक शेवटी आला. प्रत्येक दाराच्या पॅनलवर अंगठा ठेवून जरासं ढकलून बघायचा. माझं पॅनल खाचेत हललं. "ठीक," म्हणाला, माझ्या कोपऱ्याकडं बघून नाक मुरडलं आणि लिहिलं. दाजींचं दार त्यानं आधी उजेडात धरलं, सांध्यांवरून बोट फिरवलं, खूश झाला. मग अंगठा ठेवला. पुन्हा ठेवला.

"उस्ताद, पॅनल को गोंद डाले क्या?"

"हौ साब. चारों तरफ."

"काइकू?"

"किताब में है साब."

"कौनसी किताब में? अजी, बारिश में ये फट जाता ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. "इत्ता अच्छा हाथ है आपका. ये कौन पढ़ाया आपको?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. चुकूनसुद्धा नाही. "मैंच गलत पढ़ लिया साब," ते म्हणाले.

इंग्रजीचं एक अक्षर न येणारा माणूस असं म्हणाला.

निकालात मी पास झालो, दाजी नापास. केंद्राला वर्ग सुरू करायचा होता, थांबायला वेळ नव्हता. बाईंनी दाजींनाच विचारलं, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का सर्टिफिकेटवालं? त्यांनी माझं नाव दिलं. अक्कानं माझ्या तोंडात साखर घातली. मग दाजींकडं न बघताच ती आत गेली असं मला वाटलं, पण मी वाढवून सांगणारा माणूस, माझ्या वाटण्यावर किती भरवसा ठेवायचा?

तेव्हापासून त्या सावलीत मी आहे. मी बोट दाखवतो आणि करवत दुसरे चालवतात. पॅनलचा धडा आला की मी सांगतो, कोरडं सोडा, त्याला वळायला जागा ठेवा. वर्ग लिहून घेतो. परीक्षा कशी पास झालो हेही मी त्यांना रंगवून सांगतो. त्यात परीक्षक माझं दार बघून खुर्चीवरून उठून उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यात एकदा मी हिमायतनगरला गेलो. एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दाजी कपाटाची दारं घासत होते. लिफ्ट अजून बसायची होती. नाकातोंडावर रुमाल, भुवया पांढऱ्या झालेल्या. जिन्यातच मी भाषण जुळवलं होतं, चांगलं लांबलचक. तिथं पोचल्यावर दोन वाक्यांत संपलं. त्या दिवशी पानं न वाचताच सांगितलं, म्हणालो. आणि परीक्षेत तुम्ही बघितलंत तेव्हा मला माहीत होतं.

दाजींनी रुमाल खाली ओढला. "पानं तू दोन उलटली, ते मला दिसलं व्हतं," ते म्हणाले. "वाचता येत न्हाय, मोजता येतंय की." मग बराच वेळ खोकले. "मला वाटलं, तुला ती दोन्ही आधीच ठावं असतील."

मी म्हणालो, परीक्षा पुन्हा आहे. फॉर्म मी आणतो. सगळं मीच बघतो.

"मला आता बुक नको," दाजी म्हणाले आणि रुमाल वर केला.

नोकरी गेली ती गेली. त्या केंद्रात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी बसलोय. पण हात धुवून पुस्तक उचलणारा माणूस 'बुक नको' म्हणाला, ते घेऊन मी तीन मजले उतरलो.

मी फॉर्म आणला तरीही. चार वेळा घेऊन गेलो, चार वेळा परत आलो. पाचव्यांदा अक्काच मधे पडली. दुसरी केंद्रंही माणसं शोधतात, ती म्हणाली. दाजींनी सही केली, पेन दाबून, मराठीत. "पण एक अट हाय," म्हणाले. "वाचून दाखवायला तू नगं."

आता रविवारी सकाळी त्यांची सून वाचते, परीक्षेनंतर लग्न होऊन घरात आलेली. ती इथंच वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मराठी वाचायला दिली तर ती अडखळते, पण इंग्रजी सरळ वाचते आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगते. मी जातो. दाराशी खुर्ची टाकून बसतो. बोलायची मला मनाई आहे, अक्काची.

परवा तिला एक शब्द अडला. तिनं पान मागंपुढं केलं, चित्र बघितलं. मला वाटतं मला तो येत होता. म्हणजे नक्की नाही, पण मी काहीतरी जुळवलं असतं.

"पप्पा, ये वाला मेरेकू नहीं आता," ती म्हणाली. "ऑफिसात कुणाला तरी विचारून सांगते."

दाजींनी तिच्याकडं बघितलं. "मग तसंच कर," ते म्हणाले. "तिथं पेन्सिलीची खूण ठेव. हं, म्होरं वाच."